टाकलेले फासे

१

फासे हातात घेण्याआधी हात धुवायचे, हा हिचा नियम होता. खाऊन उठलेल्या हातांनी फासे धरले की कडा चिकट होतात, आणि चिकट फासा घरंगळत नाही, नुसता पडतो, असं हिचं म्हणणं. त्यामुळे रविवारी दुपारी चहा झाला की आम्ही तिघं शाळेतल्या पोरांसारखे बेसिनपुढे रांगेत उभे राहायचो आणि ही टेबलाशी बसून आमच्या हातांकडे बघत असायची.

त्या रविवारीही आम्ही रांग लावली. बघायला कोणी नव्हतं, तरी दंतवैद्यांनी नखंसुद्धा घासली.

ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. 'ती' म्हणायला मी शिकतो आहे, पण लिहिताना हात 'ही'कडेच वळतो, तेव्हा तसंच राहू देतो.

तिघांपैकी एक मी, पुस्तकं लिहून पोट भरणारा. दुसरी हिची सख्खी बहीण. ही तिला 'धाकटी' म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणतो. ती पोहायला शिकवते. तलावाच्या काठावरून तिने हाक मारली तर पाण्याखालच्या माणसाला ऐकू जाते, अशी तिची ख्याती. तिसरे खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो आणि ते मला लेखक म्हणतात. माझं एकही पुस्तक आपण वाचलेलं नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात.

खेळ हिने आणला होता. टेबलाभोवती चारजणांनी बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, तो सूत्रधार. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी पहारेकरी, कुणी भुरटा चोर, कुणी औषधं उकळणारी म्हातारी. दार फोडायचं असेल, खोटं बोलायचं असेल, विष पचवायचं असेल, तर जमतं की नाही ते फासे सांगतात. सूत्रधार अर्थात हीच. आजार वाढला, बसवेना, तेव्हा उशांना टेकून हिने गोष्ट पुढे नेली होती. मग आवाजही पुरेना, तेव्हा खेळ थांबला.

धाकटीने फोनवर जास्त काही म्हटलं नाही. रविवारी येते, डॉक्टरांनाही बोलावलंय, फासे काढून ठेवा, एवढंच. मी नाही म्हणणार होतो. पण फोन ठेवल्यावर मी खुर्ची लावून कपाटाच्या वरच्या फळीवरून वाडगा काढला आणि फडक्याने पुसला.

२

जुनी माणसं हिच्या गोष्टीत अडकली होती. त्यांना तिथेच राहू द्यायचं आणि नवीन पात्रं तयार करायची, हे न बोलता ठरलं. वाद झाला तो ती तयार कशी करायची यावर.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, जाण आणि छाप. नावं हिने पाडलेली. दम म्हणजे अंगातला टिकाव, श्वास, काय काय सोसता येतं ते. बुद्धी म्हणजे डोकं, जाण म्हणजे ते कुठे चालवायचं याची समज, आणि छाप म्हणजे चारचौघांत तुमचं वजन. प्रत्येक गुणाचा एक आकडा. तीन म्हणजे अगदीच गेलेला, अठरा म्हणजे कमाल, आणि तुमच्याआमच्यासारख्यांचे दहाच्या आसपास.

डॉक्टर बाजाराच्या बाजूचे. प्रत्येकाला सारखेच गुण वाटून द्यायचे आणि ज्याने त्याने हवे तिथे खर्च करायचे. बुद्धी घ्यायची तर ताकदीत काटकसर. न्याय्य पद्धत, कुणाची तक्रार नाही. मला ठरलेला संच आवडतो. सहा आकडे आधीच ठरलेले, पंधरापासून आठपर्यंत, ते फक्त कुठे बसवायचे एवढंच आपण ठरवायचं. आपल्या माणसात काय असणार हे लेखकाला आधीच माहीत असलेलं बरं असतं.

"तुम्हा दोघांना माणसं मागवून घ्यायचीत," धाकटी म्हणाली. "ताईच्याच पद्धतीने करायचं. आपण काय, आपले गुण निवडून जन्माला आलोय?"

हिची पद्धत अशी. एकेका गुणासाठी चार फासे टाकायचे. त्यातला सगळ्यात लहान बाजूला काढायचा, उरलेल्या तिघांची बेरीज मांडायची. जसे पडतील तसे, ताकदीपासून छापेपर्यंत ओळीने, अदलाबदल नाही. काढलेला फासा सूत्रधाराच्या दिशेने सरकवायचा, म्हणजे नंतर कुणी गुपचूप उचलून घेणार नाही. राखलेले तीन आपल्यापुढे ठेवायचे. पुढच्या गुणाला वाडग्यातून नवे चार. हिच्या वाडग्यात फाशांना तोटा नव्हता. जिथे जाईल तिथून ही फासे घेऊन यायची, माणसं टोप्या आणतात तशी.

आणि एक सवलत होती. पात्र तयार होत असताना दुसऱ्याचं अगदीच दरिद्री निघालं, तर आपल्यापुढचा एक फासा त्याला देऊन त्याचा आपण घ्यायचा. त्याच गुणातला, फाशाला फासा. आम्ही ती क्वचित वापरायचो. डॉक्टरांनी तर कधीच नाही.

शेवटी धाकटीचंच खरं झालं. आम्ही आपापल्या नेहमीच्या जागी बसलो. मी खिडकीला पाठ करून. धाकटी माझ्या उजव्या हाताला, तिच्या पाठीमागे बोळ, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. डॉक्टर तिच्यासमोर. माझ्यासमोरची खुर्ची हिची. ती कुणी हलवली नाही आणि तिच्यावर कुणी बसलंही नाही.

३

खेळ म्हणून ती दुपार चांगली चालली होती. ते सांगितलं पाहिजे.

डॉक्टरांची ताकद जेमतेम निघाली तेव्हा धाकटी म्हणाली की दाढ उपटायला दोन माणसं लागतात ते यामुळेच. दमात मला सात मिळाले. डॉक्टर म्हणाले, जिना चढताना तुम्हाला बघितलंय, फासे खोटं बोलत नाहीत. धाकटीच्या दमात सहा, पाच, चार पडले. पंधरा. तिने दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकल्यासारखे.

मग बुद्धी. मला सतरा. डॉक्टरांना सोळा. धाकटीने फासे टाकले आणि चारही सहा पडले. चारी. आम्ही तिघांनी एकदम टेबलावर थापा मारल्या. "घरात अचानक एवढे शहाणे," डॉक्टर म्हणाले, "लेखक, तुम्हाला सवय नसेल, हळूहळू घ्या." मी हसलो. किती दिवसांनी हसलो, असं मनात येऊन लगेच थांबलो.

काढलेला एकेक फासा आम्ही पलीकडे सरकवत होतो, हात आपोआप जात होता. सहाही गुण संपले तेव्हा रिकाम्या खुर्चीपुढे अठरा फासे झाले होते. तीन ओळी, सहा सहाच्या, एकेका गुणाचे तीन एकाखाली एक. ओळी सरळ होत्या. ही बोलता बोलता बोटाने फासे सरळ करायची, अगदी तशा. आम्ही तर नुसते ढकलले होते. डॉक्टरांना सवय असेल, रोज दातांच्या ओळी बघणारा माणूस. मी विचारलं नाही.

मी कोरा कागद ओढला. धाकटीचं अक्षर तिचं तिलाच लागत नाही, म्हणून तिचा कागद मी भरायचो.

"टाकलेले वाच," मी म्हणालो. "मी बेरीज करतो."

ती पुढे झुकली आणि वाचू लागली. ताकद, एक, एक, एक. मी तीन मांडले. चपळाई, एक, दोन, एक. चार. दम, एक, एक, एक. पुन्हा तीन. बुद्धी, सहा, पाच, पाच. सोळा. जाण चौदा. छाप तेरा.

मी ओळीने लिहीत गेलो. लेखणी ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की धाकटीला दमात पंधरा पडले होते. आत्ताच तर हात वर करून झाले होते.

"अगं, कुठले वाचलेस?"

"टाकलेले," ती म्हणाली. तिने खुर्चीपुढच्या फाशांकडे बोट केलं. "हे आपण टाकून दिलेले."

मी फासे टाकतो, आणि नको ते टाकूनही देतो. दोन्हीला आमच्याकडे शब्द एकच. इतकी वर्षं खेळलो, पण असा घोटाळा कधी झाला नव्हता, कारण टाकून दिलेले वाचायची कुणालाच कधी गरज पडली नव्हती.

डॉक्टर हसले. मी कागद चुरगाळणार होतो, तेवढ्यात धाकटीने माझ्या हातावर हात ठेवला. तिचं बोट कागदावरून खाली खाली उतरलं. ताकद तीन, म्हणजे कप उचलत नाही. चपळाई चार, म्हणजे कुशीवर वळवावं लागतं. दम तीन. आणि बुद्धी सोळा, जाण चौदा. अगदी शेवटच्या आठवड्यात हिने शब्दकोड्यातले माझे तीन शब्द चुकीचे ठरवले होते आणि तपासायला आलेल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला हसवून परत पाठवलं होतं.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "ही ताई आहे."

४

डॉक्टरांनी योगायोगाचं गणित मांडायला घेतलं. अठरा फासे कसेही पडले तरी कुणाशी तरी जुळणारच, आपण जुळवायला बसलो तर. मला ते पटलं. पटावं म्हणून मी मानही हलवली.

त्या वेळी घुरघुर सुरू झाली.

आवाज मोठा नव्हता. यंत्राची एकसारखी घरघर, आणि ठरावीक अंतराने एक सुस्कारा. हिचं ऑक्सिजनचं मशीन असंच चालायचं. पण ते भाड्याचं होतं, ही गेली त्याच आठवड्यात दोन माणसं येऊन उचलून घेऊन गेली होती. फ्रिज असेल, मी म्हणालो. मी उठून फ्रिजला हात लावून बघितला. तो शांत होता. लिफ्ट असेल. शेजारच्यांकडे काहीतरी चालू असेल. डॉक्टरांकडे मी मदतीसाठी बघितलं, कारण त्यांच्या दवाखान्यात हवा दाबणारं यंत्र आहे आणि त्यांना आवाज कळतात. ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. रविवारी माझं बंद असतं, एवढंच ते म्हणाले, आणि पुढे विनोद आला नाही.

आवाज बोळातून येत होता.

मी गेलो. माझं घर होतं, दुसऱ्या कुणी जायचा प्रश्नच नव्हता. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, ते तसंच असतं. दाराला हात लावला आणि आवाज थांबला. खोलीत काही नव्हतं. हिचा पलंग मी देऊन टाकला होता, त्याच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून आहेत. भिंतीला पुस्तकांचे गठ्ठे, एक शिडी, गुंडाळलेला गालिचा. दुपारचं ऊन सरळ आत आलेलं. इतक्या उजेडात भ्यायची लाज वाटावी अशी खोली.

परत फिरणार, तेवढ्यात खिडकीच्या काचेकडे लक्ष गेलं. पलंगाचं डोकं ज्या बाजूला असायचं तिथली काच, उशीवरून मान वळवली तर तोंड येईल त्या उंचीवर. तिच्यावर वाफेचा एक डाग होता, बांगडीएवढा. माझ्या डोळ्यांदेखत तो विरत गेला. काच स्वच्छ झाली, बाहेरच्या इमारतीचे गज दिसू लागले. मग पुन्हा डाग उमटला. पहिल्यापेक्षा लहान.

मी खोलीच्या या टोकाला होतो. माझा श्वास तिथवर पोचणं शक्य नव्हतं. तरीही मी श्वास धरून उभा राहिलो, खात्री करायला. डाग विरला. मी वाट बघितली. बऱ्याच वेळाने, नाणं ठेवावं एवढासा ठिपका काचेवर आला.

आजारात मी हे शेजारी बसून मोजलेलं आहे. पुढचा श्वास येईल की नाही, हे ठरायला लागणारा वेळ मला माहीत होता.

५

मी जे बघितलं ते दोघांना सांगितलं. कमी करून सांगायचा विचार होता, पण तोंडातून सगळं निघून गेलं.

डॉक्टर म्हणाले की कागद फाडा, फासे वाडग्यात टाका, आणि आपण तिघं खाली माझ्या घरी जाऊन बसू. त्यांचा हात फाशांकडे गेलासुद्धा. धाकटीने तो मनगटाशी धरला. पोहणाऱ्या बाईची पकड ती, डॉक्टरांना सोडवता आली नाही.

"आणि फासे उचलले तर तिचं काय होईल?" तिने विचारलं. "गुदमरतेय ती तिकडे. आपणच आणलं तिला, तीन दमावर. आता उचलून वाडग्यात टाकायचं?"

ती केव्हाच गेली आहे, हे वाक्य आमच्या दोघांच्याही तोंडावर होतं. बोळात घुरघुर पुन्हा सुरू झाली होती. त्या आवाजावर ते वाक्य म्हणायला दोघांपैकी कुणी धजलं नाही.

मग धाकटीला सवलत आठवली. मी म्हणालो, थांब, माझा घे. पण माझ्यापुढे दमात तीन, दोन, दोन असले फासे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. स्वतःपुढचा सहाचा फासा बोटाने ढकलत ढकलत टेबलापलीकडे नेला, हिच्या दमाच्या रांगेत ठेवला, आणि तिथला एक उचलून आपल्यापुढे ठेवला. हिचा दम आठ. तिचा दहा.

मागच्या खोलीतली घुरघुर बंद झाली.

आम्ही ऐकत राहिलो. मशीन बंद झालं होतं, कारण आता त्याची गरज नव्हती. हे माझ्या मनात इतक्या सहज आलं की मी दचकलो. पलंगाची करकर ऐकू आली. तो पलंग मी स्वतः जिन्यावरून उतरवून दिलेला होता. धाकटीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी हिच्या आजारानंतर तिच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. तिने एकदा खोकून घसा साफ केला. कपाळावर घाम होता.

एकदाच देता येतो, असं डॉक्टर सांगत होते. नियम आहे तो. धाकटीने पाचचा फासाही ढकलला.

हिचा दम बारा झाला. धाकटीचा सहा.

बोळाच्या टोकाला पाय जमिनीला लागले. अनवाणी. घरातल्या माणसाच्या पावलांना आपण कधी लक्ष देऊन ऐकत नाही, पण चुकत मात्र कधीच नाही. डावं पाऊल किंचित ओढून टाकायची हिची सवय. मी खुर्चीच्या काठाशी आलो होतो. मला आनंद झाला होता. हे मी लपवत नाही. भीती वाटत होती, पण ती आनंदाच्या बरीच खाली होती.

"लेखक," डॉक्टर म्हणाले. "इकडे बघा."

धाकटी टेबलावर एका बाजूला कलली होती. तोंड उघडं, खांदे कानांपर्यंत वर येत होते आणि हवा काही आत जात नव्हती. डॉक्टर उठून तिच्यामागे गेले होते. त्यांनी तिचा हात धरून तिची नखं मला दाखवली. निळी पडली होती. हा निळा रंग मी ओळखतो. तिचा दुसरा हात अजून टेबलावर होता आणि त्याचं बोट चारच्या फाशावर होतं. तो शेवटचा फासा ती इंच इंच पुढे ढकलत होती.

६

डॉक्टरांनी तो हात मागे ओढून छातीशी दाबून धरला. दोन्ही हातांनी तिला सावरून धरलं होतं, त्यांना तिसरा हात नव्हता.

"तुमच्याजवळ आहेत," ते मला म्हणाले. आवाज दवाखान्यातला, शांत. "सहा आणि पाच. मागे घ्या. मी सोडलं तर धाकटी पडेल."

फासे माझ्यासमोरच होते. हात लांब केला की पोचेल इतके.

पावलं बोळात निम्म्यावर आली होती. भिंतीला हात टेकत, मध्ये थांबत. आता थांबणं कमी होत होतं. मला वाटलं, दोन मिनिटं. ही येऊन आपल्या खुर्चीवर बसेल, आणि ही सूत्रधार आहे, हिला सगळे नियम माहीत आहेत, काय करायचं ते हीच सांगेल. मी खरोखर असा विचार केला. धाकटीच्या घशातून एक आवाज आला, रिकाम्या नळातून येतो तसा, आणि मग तोही थांबला.

मी पाचचा फासा उचलून धाकटीपुढे ठेवला आणि तिचा एक परत पलीकडे नेला.

बोळातलं पाऊल अडखळलं. धाकटीच्या छातीत थोडी हवा गेली. थोडीशीच.

मी मान वर केली. बोळाच्या चौकटीवर एक हात आला होता. आतल्या बाजूने चार बोटं, लाकूड घट्ट धरलेली. शेवटी हिच्या हातावर नुसत्या शिरा आणि सुयांचे डाग उरले होते. हा हात तसा नव्हता. भरलेला होता. नखं गुलाबी होती. आम्ही दोघं जिने चढायचो, त्या काळातला हात. चौकटीपलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, जोराने, धाप लागल्यासारखा, पण घेत होतं.

माझी बोटं सहाच्या फाशावर होती.

"अहो," चौकटीमागून आवाज आला, "जरा दम धरा."

बाहेर निघताना मी दारात घाई करायचो, तेव्हा आतून केस नीट करता करता ही जशी म्हणायची, तसंच. रागाने नाही, विनवूनही नाही. दोन मिनिटं थांबा, आलेच.

मी तो फासा उचलला.

चौकटीवरची बोटं सुटली नाहीत. ती घसरली. लाकडावरून खाली, आणखी खाली, नखांचा आवाज करत, मला दिसेनाशी झाली त्याच्याही खाली. काहीतरी जमिनीशी टेकलं. एक श्वास ऐकू आला. मी पुढच्याची वाट बघितली, जितकी बघायची असते तितकी.

दरम्यान धाकटीने डोकं वर टाकून लांब, फाटका श्वास घेतला, पाण्याखाली फार वेळ राहिलेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. मग दुसरा. मग तिसरा. डॉक्टर तिची पाठ चोळत होते आणि मान मागे वळवून बोळाकडे बघत होते. त्यांच्या उंचीवरून त्यांना जमीन दिसत होती. त्यांनी हळूच एक पाऊल सरकून स्वतःला मध्ये आणलं, धाकटीने मागे वळून बघितलं तरी तिला काही दिसू नये असं.

हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हसत होती. सगळा वेळ तिची पाठ बोळाकडे होती, आणि शेवटी तर काही ऐकू येण्याच्या पलीकडे ती गेली होती.

"आली का ताई?" तिने मला विचारलं. "मला पावलं ऐकू आली, भाऊजी. आली ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी सहाचा फासा तिच्यापुढे ठेवला, पाचच्या शेजारी, आणि तिच्यापुढचा दुसरा एक उचलून घेतला.

"नाही," मी म्हणालो. "नाही आली."